वारा विचारून निघा : वास्को द गामाच्या जहाजांची गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी होती. नारळ कालच दर्यात सोडून झाला होता, म्हणून मी सहज एका मावशींना विचारलं, "काय मावशी, आता होड्या लोटल्या ना?" त्यांचा घरधनी आणि मुलगा दोघे मासेमारी करतात. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नारळ सोडलो म्हणजे झाला काय? वारो बघल्याशिवाय होडी कोण लोटता गो?"

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. बीएला माझा विषय इतिहास होता. वास्को द गामा १४९८ साली भारतात आला, हे मी परीक्षेत कितीदा लिहिलं असेल, मार्कही मिळवले. पण तो परत कसा गेला, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कधी वाचलं नाही. यंदा वाचलं. आणि कळलं, की मावशींचं ते एक वाक्य त्याला ठाऊक असतं, किंवा ठाऊक असणाऱ्याचं त्याने ऐकलं असतं, तर बरीच माणसं जिवंत घरी पोचली असती. आज तीच गोष्ट सांगते.

आधी जहाजं पाहू. पोर्तुगाल हा युरोपच्या अगदी पश्चिम टोकाचा छोटा देश. मिरी, दालचिनी, लवंग हा माल भारताकडून अरबांच्या आणि इटलीतल्या व्यापाऱ्यांच्या हातून तिकडे पोचायचा आणि वाटेत प्रत्येक हात आपला नफा काढायचा. पोर्तुगालच्या राजांना मधले हात नको होते. आफ्रिकेला वळसा घालून थेट भारतात जायचं, म्हणून त्यांची जहाजं कितीतरी वर्षं किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत होती. १४८८ साली बार्तोलोमेउ दियाश हा दर्यावर्दी आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडून आला. त्याच्याच देखरेखीखाली पुढच्या मोहिमेसाठी दोन नवी जहाजं बांधली गेली, 'साव गाब्रिएल' आणि 'साव राफाएल'. पहिल्यावर वास्को द गामा, दुसऱ्यावर त्याचा भाऊ पाउलो. तिसरं 'बेरिओ' नावाचं लहान, चपळ जहाज. चौथं नुसतं सामानाचं. ८ जुलै १४९७ रोजी ही चार जहाजं लिस्बनहून निघाली. माणसं होती सुमारे १५० ते १७०.

मोठी जहाजं म्हणजे केवढी? अभ्यासकांच्या अंदाजाने मोठ्या जहाजाची लांबी पंचवीस-सत्तावीस मीटर. आपल्या दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या करा आणि वर थोडी जागा धरा, तेवढी. त्यात पन्नास-साठ माणसं, त्यांचं दोन-तीन वर्षांचं सामान, तोफा, दारूगोळा, जळण आणि पाणी.

शिडांमध्येही फरक होता. बेरिओला तिकोनी शीड होतं. असं शीड वाऱ्याला थोडं आडवं धरता येतं, त्यामुळे वारा अगदी पाठीमागून नसला तरी वळणं घेत पुढे जाता येतं. आपल्या जुन्या मचव्यांची शिडंही त्याच जातीची. मोठ्या जहाजांना मात्र चौकोनी शिडं, आणि फक्त मागच्या डोलकाठीला एक तिकोनी. चौकोनी शिडाला पाठचा वारा मिळाला, की भरलेलं जहाज घोड्यासारखं धावतं. पण समोरून वारा आला, की त्याचा काही इलाज चालत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मैत्रिणींनो, आपण बायका कोणाच्याही घरी गेलो तरी डोळे आधी स्वयंपाकघराकडे जातात. या जहाजांवर खायचं काय? दोनदा भाजलेली कडक बिस्किटं, खारवलेलं मांस, सुकी मासळी, कडधान्य, तेल, मध आणि द्राक्षाची दारू. सगळं टिकाऊ. चूल पेटायची ती समुद्र शांत असेल तरच, कारण लाकडाच्या जहाजावर एक ठिणगी उडाली तर संपलंच. पाणी आणि दारू लाकडी पिंपांत भरलेली असायची. पोर्तुगीज त्या पिंपाला 'पिपा' म्हणत, आणि आपल्या मोरीतलं पिंप हा त्याच शब्दाचा नातू आहे. ताजी भाजी, फळ, लिंबू मात्र त्या सामानात नव्हतं. किनारा लागेल तिथे मिळेल ते घ्यायचं.

आणि किनारा लवकर लागलाच नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत वारा विरुद्ध असतो, म्हणून गामाने जहाजं मुद्दाम खोल समुद्रात घातली आणि मोठा वळसा घेतला. सुमारे तीन महिने जमीन दिसली नाही. युक्ती बरोबर होती, कारण तो अटलांटिकचा वारा पोर्तुगीजांनी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासलेला होता. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापुढे सामानाचं जहाज मोडून जाळलं आणि उरलेली तीन पुढे निघाली. पण जानेवारी १४९८ मध्ये, आजच्या मोझांबिक देशातल्या एका नदीच्या मुखाशी जहाजं थांबली असताना, बरेच खलाशी आजारी पडले. हात-पाय सुजले, आणि हिरड्या इतक्या फुगल्या की दातांवर चढल्या, घास चावता येईना. हाच स्कर्व्ही. ताजं अन्न महिनोन्‌महिने न मिळाल्याने होणारा रोग.

एप्रिलमध्ये ही जहाजं मोंबासाला पोचली. तिथल्या सुलतानाने एक मेंढा, संत्री, लिंबं आणि ऊस पाठवला, आणि आजारी माणसं बरी झाली. या सफरीवरच्या एकाने रोजनिशी लिहून ठेवली आहे, म्हणून आपल्याला हे कळतं. त्यात त्याने संत्री आल्याचं लिहिलं, माणसं बरी झाल्याचंही लिहिलं. पण बरी का झाली? तर म्हणे, इथली हवा चांगली आहे! दोन्ही गोष्टी एकाच वहीत असून त्यांची सांगड काही बसली नाही.

त्याच वहीत आणखी एक नोंद आहे, ती वाचून मला फार बरं वाटलं. मोझांबिकला त्याने हिंदी महासागरातली गलबतं पाहिली. त्यांत खिळे नव्हते, फळ्या दोरीने शिवलेल्या होत्या, आणि शिडं झावळ्यांच्या चटईची. नारळाच्या काथ्याने गलबत शिवायची ही रीत या सगळ्या समुद्रावर चालत होती. आमच्या बाजूला बायका आजही सुंभ वळतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाला म्हणतो, पण खरा सुंभ खाऱ्या पाण्यात किती टिकतो हे वळणारीलाच ठाऊक. आणि तो रोजनिशीवाला लिहितो, की या लोकांकडे होकायंत्र आहे, उंची मोजायची साधनं आहेत, समुद्राचे नकाशे आहेत. म्हणजे पोर्तुगीज काही रिकाम्या समुद्रात आले नव्हते. इथे वाहता रस्ता होता आणि त्यावर जाणती माणसं होती.

त्यातलाच एक जाणता माणूस मालिंदीच्या सुलतानाने गामाला दिला. आजच्या केनियातलं हे बंदर. तो वाटाड्या गुजरातेतला होता, असं बारोस नावाच्या पोर्तुगीज इतिहासकाराने नंतर लिहिलं. गामाने त्याला आपलं ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र दाखवलं, तर त्याला त्याचं काही नवल वाटलं नाही, असंही बारोसने नोंदवलं आहे. या वाटाड्याच्या नावावरून पुढे पुष्कळ वाद झाले आणि खात्रीचं नाव काही हाती लागत नाही. पण त्याचं काम नोंदलेलं आहे. २४ एप्रिलला मालिंदी सोडलं, १८ मे रोजी मलबारची जमीन दिसली आणि २० मे रोजी जहाजं कालिकतजवळ नांगरली. अख्खा अरबी समुद्र महिन्याच्या आत पार. वाऱ्याने साथ दिली, कारण वारा ओळखणारा माणूस पुढे उभा होता.

कालिकतचा भाग तुम्ही शाळेत शिकलात, म्हणून तिथे फार थांबत नाही. एकच गंमत सांगते, आहेराची. झामोरिन राजासाठी गामाने काढलेला नजराणा होता कापडाचे १२ तागे, ४ तांबड्या टोप्या, ६ हॅट, पोवळ्याच्या ४ माळा, हात धुवायची ६ भांडी, थोडी साखर, आणि तेलाची दोन व मधाची दोन पिंपं. ज्या बंदरात अरब, गुजराती असे देशोदेशीचे व्यापारी वावरत होते, तिथे हा आहेर! राजाची माणसं हसू लागली. आपल्याकडेही हलका आहेर आला की बायका पदराआड हसतात, तसंच. पुढे मालाला उठाव मिळेना, जकातीवरून तंटा झाला, दोन्ही बाजूंनी माणसं अडकवली गेली. शेवटी २९ ऑगस्टला गामा कालिकतहून निघाला, आणि जाताना त्या किनाऱ्यावरची काही माणसं जबरदस्तीने बरोबर घेऊन गेला.

किनाऱ्याने उत्तरेकडे येत सप्टेंबरात ही जहाजं अंजदीव बेटाला लागली. हे बेट कारवारसमोर आहे आणि आज गोवा राज्यात मोडतं. म्हणजे वेंगुर्ल्यापासून आपलं शेजारघरच. इथे जहाजं साफ केली. लाकडी जहाज पाण्यात राहिलं की तळाला शिंपले-कालवं चिकटतात, फटी सुटतात, वेग कमी होतो. मग ते उथळ पाण्यात कलतं करून खरवडायचं, फटी ठासून बुजवायच्या, डांबरासारखा लेप द्यायचा. बारा दिवस मुक्काम झाला. त्या दिवसांत खलाशांनी काय खाल्लं, तेही वहीत आहे. मासे, भोपळे आणि काकड्या. किनाऱ्यावरच्या लोकांनी होड्यांतून आणून दिलेलं. कोणाच्या परसातला वेल असेल, कोणी तो लावला असेल, हे वहीत नाही. पण परसातली काकडी आणि भोपळा कोण लावतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

५ ऑक्टोबर १४९८ रोजी त्यांनी अंजदीव सोडलं आणि आफ्रिकेकडे तोंड केलं.

इथे मला वाऱ्याविषयी थोडं सांगायला हवं. आपल्या समुद्रावर वर्षातून दोन वारे फिरतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा, तोच आपला पाऊस आणतो. तो आफ्रिकेकडून भारताकडे वाहतो. नोव्हेंबरपासून साधारण फेब्रुवारीपर्यंत ईशान्येचा वारा, तो भारताकडून आफ्रिकेकडे वाहतो. जाण्याचा एक हंगाम आणि येण्याचा दुसरा, असं शेकडो वर्षं चाललेलं. आणि मधला ऑक्टोबर? तेव्हा एक वारा मरतो आणि दुसरा अजून जन्मलेला नसतो. समुद्र कधी आरशासारखा पडून राहतो, कधी उलटं ढकलतो. किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्याचं एक वेळ भागतं, रोज संध्याकाळी घरी यायचं असतं. पण पलीकडे जाणाऱ्याने अजून महिना-दीड महिना थांबायला हवं होतं. कालिकतच्या कुठल्याही तांडेलाने हे सांगितलं असतं. पण गामा भांडून निघाला होता. ज्याच्याशी भांडलो, त्याला वाट कशी विचारणार?

येताना जो समुद्र महिन्याच्या आत पार झाला, त्यालाच जाताना तीन महिन्यांना तीन दिवस कमी लागले. शिडं लोंबत राहायची, किंवा समोरचा वारा जहाजं मागे लोटायचा. चौकोनी शिडांचं मघाशी सांगितलं ते इथे आठवा. अंजदीवच्या काकड्या संपल्या. पुन्हा बिस्किटं, पुन्हा खारं मांस. पुन्हा हिरड्या सुजल्या, पाय सुजले. वाटेत ३० माणसं मेली. आधीच्या प्रवासात जवळपास तेवढीच गेली होती. एकेका जहाजावर काम करू शकणारी जेमतेम सात-आठ माणसं उरली. २ जानेवारी १४९९ रोजी आफ्रिकेचा किनारा दिसला.

७ जानेवारीला मालिंदी आलं. या वेळी माणूस पाठवून मुद्दाम संत्री मागवली. म्हणजे शरीराला काय हवं, ते आजारी माणसांना कळत होतं. पण काहींना फार उशीर झाला होता आणि ते तिथेच मेले. पुढे तीन जहाजं हाकायला माणसंच पुरेनात. म्हणून १३ जानेवारीला 'साव राफाएल'वरचं सामान दुसऱ्या दोन जहाजांवर चढवलं आणि मुद्दाम बांधून घेतलेलं ते जहाज आपल्याच हातांनी जाळलं. 'बेरिओ' १० जुलै १४९९ ला लिस्बनला पोचलं. पाउलो घर न पाहताच वाटेत अझोर बेटांवर वारला आणि वास्को त्यानंतर काही आठवड्यांनी परतला. निघाले होते त्यांतले ५५च्या आसपास परत आले, असं सांगतात.

लिंबाचा हिशोब लागायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षं गेली. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने जहाजावरचे स्कर्व्हीचे १२ रोगी घेतले. दोघा-दोघांच्या सहा जोड्या केल्या. कोणाला व्हिनेगर दिलं, कोणाला समुद्राचं पाणी, कोणाला आणखी काही. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. तीच जोडी झपाट्याने सुधारली. तरीही ब्रिटिश आरमाराने सगळ्या खलाशांना लिंबाचा रस द्यायचं ठरवलं ते १७९५ साली. तोवर किती दर्यात गेले, याची गणती नाही.

ही गोष्ट इथेच संपवली तर तुम्हाला वाटेल, बिचारा गामा. म्हणून पुढचंही सांगायला हवं. १५०२ साली तो पुन्हा आला, या वेळी मोठं आरमार आणि भरपूर तोफा घेऊन. मक्केच्या यात्रेहून परतणारं एक जहाज त्याने मलबारच्या समुद्रात अडवलं, लुटलं आणि माणसांसकट पेटवून दिलं. त्यावर बायका आणि मुलं होती. बायका अंगावरचे दागिने पुढे करत होत्या, तान्ही मुलं वर उचलून दाखवत होत्या, असं त्याच्याच आरमारातल्या तोमे लोपेश नावाच्या माणसाने लिहून ठेवलं आहे. एवढं वाचून झाल्यावर त्या रात्री मी पुस्तक मिटून ठेवलं. पुढे पोर्तुगीजांनी या समुद्रावर परवाने लावले. जिथे कोणीही वारा बघून जात-येत होतं, तिथे आता त्यांचा कागद दाखवल्याशिवाय गलबत नेता येईना.

त्याच जहाजांतून आपल्या घरात पुष्कळ काही आलंही. १५०० साली भारताकडे निघालेली काब्रालची जहाजं वाटेत ब्राझीलला लागली होती. पुढे त्याच वाटेवरून काजू इथे आला, ज्याच्यावर आज आपले कितीतरी गट उभे आहेत. मिरची, पेरू, पपई, अननस हेसुद्धा मूळचे अमेरिका खंडातले आणि अशाच जहाजांतून आलेले. चावी, पगार, पाव, घमेलं हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. आपण रोज वापरतो आणि आजीकडून आल्यासारखे वापरतो.

आता शेवटी माझी एक चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी आमच्या गटाला आमसुलांची चांगली मागणी आली होती. याच मावशी म्हणाल्या, "आता नको, पाऊस जवळ इलो." मी मोबाईलवर पाहिलं, पावसाला अजून दहा दिवस होते. मी संयोजिका, शिकलेली, हाती कागद होता. मी म्हटलं, करूया. कोकमं फोडली, वाळत घातली, आणि तिसऱ्या दिवशी वळीव कोसळला. निम्मी आमसुलं बुरसटली. बायकांची मजुरी आणि गटाचे पैसे दोन्ही पाण्यात गेले. मावशींनी मला एका शब्दाने टोचलं नाही, पण मी त्यांना विचारलं नव्हतं, हे गटातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. गामाची ती तीन महिन्यांची वाट वाचताना मला माझ्या अंगणातली ती बुरसटलेली आमसुलं दिसत होती. माझी चूक पैशांत भागली, एवढाच फरक.

तेव्हापासून आम्ही गटाच्या वहीत एक पान वाढवलं आहे. कुठलंही काम ठरलं की त्यात हंगामाचं कोणाला विचारलं आणि त्या काय म्हणाल्या, ते त्यांच्या नावानिशी लिहायचं. गामाला समुद्र पार करून देणाऱ्या वाटाड्याचं खात्रीचं नाव उरलं नाही. निदान आपल्या वहीत मावशींचं नाव राहू दे.

आणि हो, लिंबाचं विसरू नका. आरोग्य तपासणीत आपल्यातल्या बऱ्याच जणींचं रक्त कमी निघतं. पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला लिंबातलं तेच सत्त्व मदत करतं, ज्याच्यावाचून ते खलाशी मेले. भाजी चुलीवरून उतरली की मग लिंबू पिळा, शिजताना नको, कारण उष्णतेने ते सत्त्व कमी होतं. जेवणाबरोबर चहा घेऊ नका. लिंबू नसेल तर आवळा आहे, पेरू आहे. पेरू तर त्या जहाजांनीच आणलेला, तो हक्काने खा.

पुढच्या महिन्यात भेटू. नमस्कार.